जळकी टोके, कुजकी मुळे : चंडीगडच्या घरांतील स्पायडर प्लांटची निगा

चंडीगड हे झाडांचा आराखडा घेऊनच जन्मलेले शहर आहे. रस्ते आणि सेक्टर कागदावर उमटत होते, त्याच काळात कोणत्या रस्त्याच्या कडेला कोणता वृक्ष लावावा, कोणता सावली देईल आणि कोणता फुलांनी बहरेल, याचाही विचार झाला. वनस्पतिशास्त्रज्ञ व प्रशासक डॉ. मोहिंदरसिंग रंधावा यांचे मार्गदर्शन त्यामागे होते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या उपाध्यक्षपदाची धुराही पुढे त्यांनी वाहिली. घराबाहेरच्या झाडांना लाभलेले हे भाग्य घरातल्या कुंडीला मात्र क्वचितच लाभते. रोपवाटिकेतून आणलेली कुंडी रिकाम्या कोपऱ्यात ठेवली जाते आणि आठवण होईल तेव्हा तिला पाणी मिळते. स्पायडर प्लांट हे अशा कुंड्यांतील सर्वांत परिचित झाड. ‘हे कधी मरत नाही’ असे सांगूनच ते विकले जाते. तरीही पुण्या-नागपुराहून बदलीवर चंडीगडला आलेल्या कुटुंबांच्या घरी पहिल्याच हिवाळ्याच्या अखेरीस त्याची पाने लोळलेली, फिकट आणि टोकाशी तपकिरी झालेली दिसू शकतात.

यापुढे जे घडते ते बहुधा ठरलेले असते. टोक वाळले म्हणजे झाड तहानले, असा समज होतो आणि पाणी वाढवले जाते. टोके अधिकच वाळतात, म्हणून आणखी पाणी दिले जाते. महिना-दीड महिन्यात पाने बुंध्याशी पिवळी पडून हाताबरोबर निघून येतात. झाडाचा मृत्यू कुजल्यामुळे होतो आणि घरातील माणसे मात्र त्याला पाणी कमी पडले असेच समजतात. हा क्रम थांबवायचा असेल तर पाण्याचे प्रमाण आणि पाण्याची प्रत हे दोन प्रश्न वेगळे करून पाहावे लागतात.

सफेद मुसळीचे भावंड

या झाडाचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम कोमोसम. मूळ भूमी आफ्रिकेची. दक्षिण आफ्रिकेतून गेलेल्या नमुन्यांवरून स्वीडिश शास्त्रज्ञ थुनबर्ग यांनी १७९४ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले, तेव्हा ते वेगळ्या प्रजातीनावाखाली होते. महाराष्ट्राला मात्र ही प्रजाती परकी नाही. औषधी पीक म्हणून लावली जाणारी सफेद मुसळी ही क्लोरोफायटम बोरिव्हिलिअॅनम; फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी तिला दिलेल्या नावात मुंबईची बोरिवली कायमची जाऊन बसली आहे. पावसाच्या पहिल्या सरींनंतर सह्याद्रीच्या उतारांवर उगवणारी आणि आवडीने खाल्ली जाणारी फोडशी किंवा कुळूची भाजी हीदेखील याच प्रजातीतील.

हे नाते केवळ कुतूहलापुरते नाही. मुसळीचे पीक घेणाऱ्याला ठाऊक असते, की पाऊस सरला की पाने वाळतात आणि जमिनीखाली मांसल मुळे पुढच्या पावसाची वाट पाहत सुखरूप राहतात. अशा वेळी शेतात पाणी साचले तर तीच मुळे सडतात. स्पायडर प्लांट वर्षभर हिरवा राहतो, परंतु त्याच्या मुळांची घडण त्याच जातकुळीची आहे. जाड, पांढरी, गाठाळ मुळे पाण्याचा साठा करतात. आठवडाभर पाणी चुकले तरी हे झाड स्वतःच्या गाठीशी असलेल्या शिदोरीवर निभावून नेते. ओल्या मातीत हवा कोंडली, तर या साठ्यालाच कूज लागते.

टोके जळण्याचे खरे कारण

मुळांनी शोषलेले पाणी पानाच्या बुंध्यापासून टोकाकडे वाहत जाते आणि वाटेत वाफ होऊन हवेत निघून जाते. पाण्यात विरघळलेले क्षार मात्र वाफ होत नाहीत. प्रवाह जेथे संपतो तेथे, म्हणजे लांब अरुंद पानाच्या टोकाशी आणि कडांवर, ते साचत राहतात. त्यांतही फ्लोराइड हे या झाडाच्या दृष्टीने विशेष अपायकारक आहे. ड्रेसिना आणि स्पायडर प्लांट यांची गणना फ्लोराइडला संवेदनशील असलेल्या शोभिवंत झाडांत होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकार्य आणि पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालण्याजोगे मानले जाते. माणसाला निर्धोक असलेले हे पाणी या झाडाच्या पानांना डाग पाडू शकते.

चंडीगडचे पाणी दोन ठिकाणांहून येते. एक, कजौली येथून नळांनी आणलेले भाक्रा कालव्याचे पाणी; दुसरे, शहरातील खोल कूपनलिकांचे. हिमालयातून उतरणारे कालव्याचे पाणी तुलनेने मऊ असते, तर कूपनलिकेचे पाणी अधिक जड असते. कोणत्या सेक्टरला कोणत्या ऋतूत कोणते पाणी अधिक मिळेल हे बदलत असल्याने शेजाऱ्याच्या झाडाला मानवलेले पाणी आपल्या झाडाला मानवेलच असे नाही. मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगाला पांढरी खार फुटली असेल, मातीच्या पृष्ठभागावर पांढरट पापुद्रा दिसत असेल, तर वेगळ्या परीक्षेची फारशी गरज उरत नाही.

यात भर पडते ती एका चांगल्या सवयीची. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी बादलीत धरून झाडांना घालणे ही काटकसर अनेक घरांत कटाक्षाने पाळली जाते. फरशी पुसण्यास किंवा अंगण धुण्यास ते पाणी उत्तम. स्पायडर प्लांटला मात्र ते घातक ठरते. हिशेब सोपा आहे. समजा, नळाच्या पाण्यात दर लिटरला ४०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि ४ लिटर पाण्यातून यंत्र १ लिटर शुद्ध पाणी काढते. चारही लिटरांतील जवळजवळ सर्व क्षार, म्हणजे १,६०० मिलिग्रॅम, उरलेल्या ३ लिटरांत उतरतात. टाकाऊ पाण्यातील प्रमाण लिटरला सुमारे ५३० मिलिग्रॅम होते. यंत्र निम्मे पाणी शुद्ध करीत असेल तर ते थेट ८०० वर जाते. आठवड्याला अर्धा लिटर या बेताने वर्षभर ५३० मिलिग्रॅमचे पाणी घातले, तर एका छोट्या कुंडीत सुमारे १४ ग्रॅम, म्हणजे दोन चमच्यांहून अधिक क्षार पडतात. खालच्या छिद्रातून पाणी वाहून जाऊ दिले नाही तर ते तेथेच राहतात. वाळवंटी कूलरच्या टाकीतील पाण्याचीही हीच गत. दिवसभर त्यातील पाणी उडून जाते आणि क्षार मागे साठत जातात. टाकी रिकामी करताना ते कुंड्यांत ओतण्याचा मोह टाळावा. बादलीभर पाणी रात्रभर उघडे ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने क्लोरीन बऱ्याच अंशी उडून जातो हे खरे, पण फ्लोराइड आणि इतर क्षार जागचे हलत नाहीत.

मग कोणते पाणी घालावे? पावसाचे पाणी सर्वांत उत्तम. चंडीगडला वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा मोठा हिस्सा जुलै ते सप्टेंबर या काळात येतो. गच्चीवरचे पहिल्या एक-दोन सरींचे धुळकट पाणी वाहू द्यावे आणि नंतरचे झाकणाच्या पिंपात साठवावे. चार-पाच कुंड्यांसाठी ५० लिटरांचे पिंप हिवाळ्याची मोठी मजल मारून देते. वातानुकूलन यंत्राच्या नळीतून टपकणारे पाणी हवेतील बाष्पापासून बनलेले, म्हणून जवळजवळ क्षारमुक्त असते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते थेंबथेंब मिळते, जुलै-ऑगस्टच्या दमटपणात बादली भरते. हे दोन्ही नसेल तर आरओचे शुद्ध पाणी आणि नळाचे पाणी निम्मे-निम्मे मिसळून घालावे.

आधीच साचलेले क्षार धुऊन काढणेही तितकेच आवश्यक आहे. कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतावे आणि ते छिद्रातून पूर्ण निथळू द्यावे. खारवट जमीन सुधारताना निचऱ्याच्या चरांसह भरपूर पाणी देऊन क्षार खाली नेतात, त्याच तत्त्वाची ही घरगुती आवृत्ती आहे. मार्च ते ऑक्टोबर या काळात दर दोन महिन्यांनी असे धुणे पुरे. कडाक्याच्या थंडीत ते करू नये. माती आठवडेच्या आठवडे ओली राहील आणि एका रोगावरच्या उपायातून दुसरा रोग जडेल.

प्रथम मुळे पाहावीत

झाड लोळले असेल तर पाणी घालण्यापूर्वी, खत देण्यापूर्वी आणि जागा बदलण्यापूर्वी ते कुंडीतून बाहेर काढून पाहणे हे पहिले काम. अनेकांना यात धोका वाटतो. स्पायडर प्लांट मात्र हे हाताळणे सहज सोसतो, आणि मुळांइतकी स्पष्ट साक्ष दुसरे काहीच देत नाही.

मुळे पांढरी, घट्ट आणि भरलेली असतील तर झाड वाचलेच म्हणून समजावे. दोष पाण्याच्या प्रतीत, प्रकाशात किंवा जागेच्या अपुरेपणात असतो. मुळांनी कुंडी इतकी व्यापलेली असेल, की माती दिसतच नाही, तर घातलेले पाणी कडेने सरळ खाली उतरते आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. अशा वेळी एक-दोन इंच मोठी कुंडी पुरेशी होते. एकदम मोठ्या कुंडीत हलवल्यास मुळांना न पोचणारी जास्तीची माती ओली राहते, आणि घाई अंगाशी येते.

मुळे तपकिरी, मऊ, दुर्गंधीयुक्त असतील, ओढताच बाहेरची साल निघून आत दोरा उरत असेल, तर ती कूज होय. सडलेला प्रत्येक भाग स्वच्छ कात्रीने निरोगी पांढऱ्या भागापर्यंत कापावा. जुनी माती पूर्ण टाकून द्यावी. रोप सावलीत एक दिवस उघडे ठेवून कापलेल्या जागा सुकू द्याव्यात. मुळांचा भार घटल्यामुळे बाहेरची काही जुनी पानेही काढावीत, आणि उरलेल्या मुळांना बेताची होईल अशा लहान कुंडीत ते लावावे. पहिले पाणी थोडे द्यावे. दुसरे, माती वरून दोन इंच कोरडी झाल्यावरच. गड्डाच पिचपिचीत झाला असेल तर त्याचा मोह सोडून त्याच्या कडेचे एखादे घट्ट फुटवे किंवा लोंबते पिल्लू वेगळे करावे.

मातीचे मिश्रण निचऱ्याचे हवे. बागेतील माती दोन भाग, चांगले कुजलेले पानांचे खत एक भाग आणि जाडी वाळू एक भाग, हे प्रमाण समाधानकारक ठरते. नुसत्या कोकोपीटमध्ये वाढवलेले रोप रोपवाटिकेत टवटवीत दिसते, पण तेथील उबदार हवा आणि नेमके पाणी घरात नसते. जानेवारीच्या थंडीत कोकोपीटचा गोळा तीन-तीन आठवडे ओला राहू शकतो. शोभेच्या बिनछिद्री भांड्यात ठेवलेली कुंडी पाणी दिल्यानंतर अर्ध्या तासाने उचलून खालचे पाणी ओतून द्यावे.

चंडीगडचे ऊन आणि चंडीगडची थंडी

ल कॉर्ब्युझिए आणि त्यांचे सहकारी पिअर जानरे, मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू यांनी या शहराच्या इमारती उन्हाला अडवण्याच्या दृष्टीने रचल्या. सचिवालयाच्या दर्शनी भागावरील काँक्रीटचे ऊनरोधक पडदे सर्वांनी पाहिलेले असतात. सरकारी निवासस्थानांतही विटांच्या जाळ्या आणि खोल छज्जे यांची योजना आहे. मे-जूनमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा त्यांचे मोल कळते. परंतु जाळीच्या मागची खोली माणसाला थंड वाटते तितकीच झाडाला अंधारी असते. दुपारी पानांवर हात धरला असता त्याची पुसट का होईना, पण ओळखू येणारी सावली पडली पाहिजे. सावलीच पडत नसेल तर ती जागा या झाडाची नव्हे. तेथे पानांवरील पांढरे पट्टे मंद होत जातात, पाने लांबट व दुबळी होऊन लोंबतात.

महाराष्ट्रातील सवय येथे थोडी बाजूला ठेवावी लागते. पुण्यात २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, चंडीगडला केवळ ३६ अंशांवर. दोन मीटर उंचीवर वरची कड असलेल्या दक्षिण खिडकीतून, छज्जा आड येत नसेल तर, ऊन जमिनीवर पावणेतीन मीटर आतपर्यंत पोचते. जूनच्या अखेरीस तोच सूर्य सुमारे ८३ अंशांवर चढतो आणि त्याच खिडकीतून माध्यान्हीचे ऊन पाव मीटरही आत येत नाही. याचा अर्थ दक्षिणेची खिडकी येथे स्वतःच ऋतूप्रमाणे उघडझाप करते. उन्हाळ्यात तेथे सौम्य उजेड असतो आणि हिवाळ्यात, झाडाला सर्वांत अधिक गरज असते तेव्हा, ऊन आत येते. पातळ पडदा असल्यास ही जागा पूर्वेच्या खिडकीइतकीच उत्तम. पश्चिमेची खिडकी मात्र एप्रिल ते जून टाळावी. दुपारनंतरचे तिरके ऊन पाने भाजून काढते.

हिवाळा हा या झाडाचा खरा कसोटीचा काळ आहे. १८ ते २७ अंश सेल्सिअस तापमानात ते सुखाने वाढते, १० अंशांखाली त्याला इजा होऊ लागते. चंडीगडची जानेवारीतील रात्र सहा-सात अंशांवर सहज उतरते आणि कधी त्याहीखाली जाते. धुक्याचे दिवस लागोपाठ आले तर सूर्यदर्शनही होत नाही. म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस बाल्कनीतील कुंड्या आत घ्याव्यात आणि रात्री त्या थंड काचेला चिकटून राहणार नाहीत हे पाहावे. याच काळात खोलीत हीटर लागतो. त्याच्या कोरड्या झोतात पानांची टोके वाळतात, तर थंड कुंडीतील माती ओलीच राहते. वर कोरडे, खाली ओले, ही विसंगती पाहूनच पाणी वाढवण्याची चूक घडते. डिसेंबर-जानेवारीत पाणी दोन ते तीन आठवड्यांतून एकदा, तेही मातीत बोट घालून वा कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेतल्यानंतर द्यावे. पाणी बर्फासारखे थंड नसावे, खोलीत ठेवून कोमट झालेले असावे.

उन्हाळ्यात उलट स्थिती असते. लू वाहू लागली की चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी लागते. कूलरची दमट हवा झाडाला मानवते, पण थेट झोतात ठेवलेली पाने दिवसभर फडफडून फाटतात. या कोरड्या दिवसांत पानांमागे लाल कोळी दिसल्यास नळाखाली पाने दोन्ही बाजूंनी धुणे हा पहिला आणि बहुधा पुरेसा उपाय. पिठ्या ढेकूण असल्यास सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने ते पुसून काढावेत. स्वयंपाकाच्या ओट्याजवळच्या झाडावर रासायनिक फवारणीचा विचारही करू नये.

खताबाबत थोडक्यात. मार्च ते सप्टेंबर महिन्यातून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम या प्रमाणात, किंवा दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत पुरते. शेतकरी कुटुंबांत सहज उपलब्ध असलेले सिंगल सुपर फॉस्फेट मात्र या कुंडीत टाकू नये. ते ज्या खनिज फॉस्फेटपासून बनते त्यात फ्लोराइड असते आणि त्याचा काही अंश खतात उतरतो.

हवा शुद्ध करण्याचा दावा

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाताचे पराळ जाळल्याचा धूर पंजाब-हरियाणावर पसरतो आणि चंडीगडच्या रोपवाटिकांत ‘हवा शुद्ध करणाऱ्या’ झाडांची मागणी वाढते. या कीर्तीचे मूळ नासाचे शास्त्रज्ञ वुल्व्हर्टन यांच्या प्रयोगांत आहे. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बंद पेटीतील फॉर्मल्डिहाइड कमी करणाऱ्या झाडांत स्पायडर प्लांट होता. प्रयोग खरा होता. पण घर ही बंद पेटी नव्हे. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. दारे-खिडक्यांतून होणाऱ्या स्वाभाविक वायुवीजनाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटर जागेत १० पासून १,००० पर्यंत झाडे लागतील, असे त्यातून दिसले. शिवाय ते प्रयोग वायुरूप रसायनांवरचे होते. पराळाच्या धुरातील सूक्ष्म कणांचा प्रश्न निराळा आहे. घरात दम्याचा रुग्ण वा लहान मूल असेल तर धुराच्या दिवसांत खिडक्या बंद ठेवणे, योग्य गाळणी असलेले यंत्र वापरणे आणि वैद्यकीय सल्ला घेणे हेच उपाय होत. त्यांच्या जागी चार कुंड्या ठेवणे ही फसगत आहे. झाडालाही यात त्रासच होतो. त्या दिवसांत पानांवर काजळीचा थर बसतो आणि आधीच तोकडा झालेला प्रकाश आणखी अडतो, म्हणून आठवड्याला ओल्या फडक्याने पाने पुसावीत.

सुधारणा कशी ओळखावी

तपकिरी झालेले टोक पुन्हा हिरवे होत नाही. ते कात्रीने पानाच्या मूळ निमुळत्या आकारात कापावे आणि तपकिरी रंगाची एक बारीक कड शिल्लक ठेवावी; हिरव्या भागात कापल्यास नवी जखम होऊन तेथेच पुन्हा वाळते. उपचार लागू पडला की नाही हे जुन्या पानांवरून कळत नाही, ते गाभ्यातून निघणारी नवी पाने सांगतात. ती ताठ, पट्टे स्पष्ट असलेली आणि महिन्याभरानंतरही स्वच्छ टोकाची राहिली, तर पाणी आणि जागा दोन्ही जुळल्या असे समजावे. मार्चमध्ये उपचार केलेल्या झाडात हा बदल लवकर दिसतो. डिसेंबरमध्ये केलेल्या उपचाराचे फळ पाहण्यासाठी वसंतापर्यंत थांबावे लागते.

प्रौढ झाडाला लांब दांड्यावर पांढरी फुले आणि त्यामागून पिल्ले येतात. दिवस लहान होऊ लागला की या दांड्यांना चालना मिळते. चंडीगडला जूनमध्ये सुमारे १४ तासांचा असलेला दिवस डिसेंबरमध्ये जेमतेम १० तासांवर येतो. ज्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत दिवे जळतात तेथील झाडाला मात्र हा संकेत नीट मिळत नाही, आणि निरोगी असूनही ते पिल्लांविना राहते. पिल्लांच्या तळाशी पांढऱ्या गाठी दिसू लागल्या की ती मातृवृक्षापासून न तोडता शेजारच्या छोट्या कुंडीतील ओलसर मातीवर टेकवून तारेच्या चापाने धरून ठेवावीत. मुळे धरल्यावर, साधारण तीन-चार आठवड्यांनी, दांडा कापावा. दुबळ्या, नुकत्याच मुळे छाटलेल्या झाडावर पिल्ले ठेवू नयेत. ती वेगळी लावून मूळ झाडाचा भार हलका करावा. मार्च-एप्रिल आणि पावसाळ्याचा उत्तरार्ध हे यासाठी सर्वांत अनुकूल काळ आहेत, आणि ऑगस्टमध्ये लावलेली दोन-तीन पिल्ले नोव्हेंबरपूर्वी कुंडीत चांगली रुजलेली असतात.